चिकटविण्याची परिभाषा : खळ, लाखोटा, तिकीट आणि चिकटपट्टी

१

जुन्या कागदपत्रांच्या व पोथ्यांच्या याद्या चाळतांना शेवटच्या रकान्यांत एक शेरा वारंवार दृष्टीस पडतो. 'कागद फाटका, मागून चिकटविला आहे', किंवा 'कडेस पट्टी लाविली आहे', एवढाच तो असतो. याद्या करणारे गृहस्थ दक्ष असतात. कागदाची लांबीरुंदी, ओळींची संख्या, अक्षराचें वळण, शाईचा रंग, शक आणि मिति ह्यांची नोंद ते काळजीनें करितात. परंतु कागद कशानें चिकटविला हें बहुधा कोणी लिहीत नाहीं. लिहावयाचें मनांत आलें तरी शब्द कोणता वापरावा हा प्रश्न पडतो. कारण आजच्या बोलींत खळीनें लाविलेला तुकडाही 'चिकटविलेला' आणि कारखान्यांतून आलेली पारदर्शक पट्टीही 'चिकटविलेली'च.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें उलट आहे. जुन्या भाषेंत चिकटविणारा पदार्थ आणि चिकटविली जाणारी पट्टी हीं नेहमीं दोन निरनिराळ्या नांवांनीं ओळखिलीं जात. पदार्थाचें नांव घेतलें कीं तो कशानें धरतो व कशानें सुटतो, हेंही जाणत्यास कळे. विसाव्या शतकांत कारखान्यानें ह्या दोन वस्तु एकत्र करून विकावयास आणिल्या. 'चिकटपट्टी' हा शब्द सर्वत्र चालूं लागला. आणि तिच्या पाठीवरचा पदार्थ मात्र निनांवी राहिला. त्या निनांवीपणाची किंमत आज आपल्या संग्रहांतील जुने कागद देत आहेत. ही गोष्ट शब्दांच्या इतिहासावरून दाखवावी, आणि तिच्यावरचा उपायही त्याच शब्दांत शोधावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

२

प्रथम संस्कृताकडे वळूं. चिकटण्याच्या क्रियेला संस्कृतांत अनेक धातु आहेत, आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळलेले नाहींत. 'श्लिष्' म्हणजे एकास एक बिलगणें. 'लिप्' म्हणजे माखणें. 'सञ्ज्' म्हणजे अडकून राहणें, लागून राहणें. मराठींतील लेप, लिंपणें, सारवण्यासाठीं वापरलें जाणारें लिंपण, हीं सर्व 'लिप्' धातूचीं अपत्यें. वैयाकरण 'लिपि' हा शब्दही ह्याच धातूपासून साधितात, म्हणजे अक्षर हेंही एक माखणेंच. शाहबाजगढी येथील अशोकाच्या लेखांत 'दिपि' असें रूप येतें, त्यावरून ह्या शब्दाचें मूळ इराणी असावें असेंही एक मत आहे. तो वाद येथें प्रस्तुत नाहीं.

क्रियेचे धातु जसे वेगळे तशीं द्रव्यांचीं नांवेंही वेगळीं. झाडाच्या सालींतून पाझरून घट्ट झालेला तो 'निर्यास'. किड्यापासून होणारी ती 'लाक्षा' अथवा 'जतु'. सालवृक्षाची राळ ती 'सर्जरस'. मेण तें 'सिक्थ' किंवा 'मधूच्छिष्ट', म्हणजे मध काढून उरलेलें. पांडवांना जाळण्यासाठीं बांधिलेलें घर जतूचें होतें, डिंकाचें नव्हे. कारण जतु आगीनें वितळते व पेटते. व्यासांच्या श्रोत्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नव्हता.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, म्हणजे सहाव्या शतकांत, वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं व कवठाचीं फळें, सांवरीचीं फुलें इत्यादि द्रव्यें एक द्रोण पाण्यांत उकळून अष्टमांश काढा उरवावा, त्यांत गुग्गुळ, भिलावा, राळ, अळशी, बेल वगैरे घालून कल्क करावा, आणि तो तापलेला असतांना प्रासाद, मूर्ति, भिंती व विहिरी ह्यांच्या कामीं लावावा, असा त्यांतील पहिला पाठ आहे. पुढें लाख घालून केलेला दुसरा पाठ, शिंगें, केस व चामडें ह्यांपासून केलेला तिसरा, आणि शिसें आठ भाग, कांसें दोन भाग व पितळ एक भाग ह्यांचा ओतीव 'वज्रसंघात' हा चौथा, असे प्रकार सांगितले आहेत. ह्यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, वनस्पतीचा लेप, लाखेचा लेप, प्राण्यांच्या अंगापासूनचा लेप आणि धातूचा रस ह्या चार जाती ग्रंथकारानें वेगळाल्या ठेविल्या आहेत. सर्वांचें काम एकच, पण घटना निराळी. म्हणून पाठही निराळे.

आलंकारिकांनीं तर चिकटण्याच्या प्रकारावरून काव्यांतील भेद समजाविला आहे. श्लेष म्हणजे चिकटणें. दोन अर्थ एका शब्दाला चिकटले कीं तो श्लेष अलंकार. त्यांत सभंग श्लेषाला 'जतुकाष्ठन्याय' लाविला जातो : लाख आणि लांकूड जवळ जवळ असतात, एकरूप दिसतात, पण मूळच्या वस्तु दोन. अभंग श्लेषाला एका देठास लागलेल्या दोन फळांचा न्याय लाविला जातो. लाख लांकडाला धरते तरी लांकूड होत नाहीं, हें व्यवहारांतलें निरीक्षण काश्मिरांतील शास्त्रकारांना दृष्टान्तासाठीं पुरेसें वाटलें. पुढें कागदाविषयीं आम्हांस जें सांगावयाचें आहे त्याचें सार ह्या न्यायांत आलेंच आहे. जी वस्तु धरते पण एकरूप होत नाहीं, तीच जोडण्यास चांगली.

३

आतां मराठींत येऊं. दप्तरांत, बांधणावळ करणाऱ्याकडे आणि घरांत जे चिकट पदार्थ चालत आले, त्यांचीं नांवें मोजकीं व निश्चित आहेत.

खळ. गव्हाच्या किंवा तांदुळाच्या पिठाची शिजवून केलेली. ओलीनें धरते, ओलीनेंच सुटते. कापडास देतात तीही खळच.

डिंक. मुख्यत्वें बाभळीचा. शिजवावा लागत नाहीं. पाण्यांत विरघळतो व वाळल्यावर चकाकतो. ओल लागली कीं पुन्हां बुळबुळीत होतो.

सरस. जनावरांचीं कातडीं व हाडें उकळून केलेला. शब्द फारसी 'सिरीश'वरून आला. ऊन पाण्यानें पातळ होतो, थंड झाला कीं आवळतो. पुस्तकाच्या पाठीस आणि सुताराच्या सांध्यास हा लागतो.

लाख व राळ. ह्यांस पाणी लागत नाहीं. लाख उष्णतेनें मऊ होते, मद्यार्कांत विरघळते, थंड झाली कीं ठिसूळ होते. मेण ह्याहून मऊ. अल्प उबेनें वितळतें, पण त्याचा डाग कागदांत उतरतो.

चीक हा झाडाचा अगर धान्याचा पांढरा रस, आणि लुकण हा भेगा व सांधे बुजविण्याचा लेप; ह्या दोहोंचा कागदाशीं क्वचितच संबंध येतो.

'चिकट' हा शब्द ह्या सर्वांचें विशेषण आहे, कोणाचेंही नांव नाहीं, ही गोष्ट विसरतां कामा नये. संस्कृत 'चिक्कण' ह्याशीं त्याचें नातें लावितात. जुन्या माणसास 'चिकट आण' असें कोणी म्हटलें नसतें. 'खळ आण' किंवा 'डिंक आण' असेंच म्हटलें असतें.

ह्यांतील खळ आणि डिंक हे कागदाला परके नाहींत, हें संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. जुन्नर आणि दौलताबादेजवळचें कागजीपुरा येथें होणारा हातकागद खळ देऊन व घोटून लिहिण्यायोग्य केला जाई. म्हणजे ज्या कागदावर आपले पूर्वज लिहीत त्याच्या अंगांतच खळ होती. शाई काजळाची, आणि काजळास धरून ठेवणारा तो बाभळीचा डिंक. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फांशीत, त्यावरूनच 'हरताळ फांसणें' हा वाक्प्रचार आला. सारांश, कागद, शाई व जोड हीं तिन्ही एकाच कुळांतल्या द्रव्यांवर उभीं होतीं. ह्यामुळेंच जुना जोड सोडवितांना पाणी बेतानें वापरावें लागतें : ज्या ओलीनें खळ सुटते तीच शाईतल्या डिंकासही सोडूं शकते.

खळीला एक मोठा दोष आहे. कसर, झुरळ व वाळवी ह्यांना ती आवडते. म्हणून बांधणावळ करणारे खळींत मोरचूद घालीत. कीड त्यामुळें दूर राहते हें खरें. पण मोरचुदांतील तांबें कालांतरानें कागदास ठिसूळ करितें, असें आतांच्या रसायनशास्त्रानें दाखविलें आहे. जुनें तें सर्वच निर्दोष होतें असा आमचा आग्रह नाहीं. दोष कोठें आहे हें जुन्या नांवावरून कळतें, एवढाच आमचा मुद्दा आहे.

४

मराठी दप्तरांत चिकटविण्याचें काम थोडें आणि बांधण्याचें काम फार. पेशवे दप्तरांतील कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत, आणि 'रुमाल' हें त्या दप्तराच्या गणनेचें परिमाणच होऊन बसलें आहे. ह्याच दप्तरांतून सरदेसाई ह्यांनीं १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत ४५ भाग निवडून छापविले. पोथ्यांचेंही तसेंच. सुटीं पानें, वर खालीं फळ्या, भोंवतीं बासन, आणि ग्रंथाच्या नांवाचा संक्षेप समासांत लिहिलेला. ग्रंथ ओळखण्यास वर कांहीं डकवावें लागत नसे. नांव पानापानावर होतें.

चिकटविण्याचीं मुख्य स्थळें दोन. पहिलें म्हणजे जोड. कागदाची लांब पट्टी तिला 'बंद' म्हणत. अंगरख्याचा बंद आणि कागदाचा बंद हे एकच शब्द. फारसी 'बंद' आणि संस्कृत 'बन्ध्' हीं एका कुळांतलीं. महजर, निवाडपत्रें व हिशेब लांबले कीं बंदास बंद खळीनें जोडीत. आतां असा कागद कोणी लबाडीनें मध्येंच सोडवून एक बंद बदलूं शकेल, हें जुन्या लोकांना ठाऊक होतें. कारण खळ सुटते हेंही ठाऊक होतें. म्हणून जोडाच्या पाठीवर शिक्का अगर अक्षरें अशीं घालीत कीं त्यांचा अर्धा भाग वरच्या बंदावर व अर्धा खालच्यावर यावा. बंद बदलला तर अर्धें जुळत नाहीं. पत्राच्या अखेरीस मोर्तब असे. तें मजकुराची मर्यादा दाखवी. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' हींच अक्षरें आहेत. शेवट मोर्तबानें राखावा आणि मधला भाग जोडावरच्या शिक्क्यानें राखावा, अशी ती व्यवस्था होती. खळ धरण्याचें काम करी, साक्षीचें काम शिक्का करी.

दुसरें स्थळ म्हणजे पत्राचें तोंड. येथें खळ पुरेशी नव्हे, कारण ती ओलवून उघडतां व पुन्हां लावतां येते. म्हणून लाख. लाखेवर मुद्रा उठवितां येते, आणि लाख फोडल्यावांचून पत्र उघडत नाहीं. ह्यावरूनच 'लाखोटा' शब्द झाला. पुढें लाख नसलेल्या लिफाफ्यासही लाखोटाच म्हणूं लागले. पदार्थ गेला, नांव राहिलें. पत्रव्यवहारांत लाखेचा मान केवळ आपल्याकडेच होता असें नाहीं. सोळाव्या शतकानंतर युरोपांत पत्रें बंद करण्याकरितां जी लाख वापरीत तिच्यांत हिंदुस्थानांतून गेलेली लाख असे, आणि इंग्रजी 'लॅक' हा शब्द आपल्या लाक्षेचाच वंशज आहे.

जोडास खळ आणि तोंडास लाख, ही निवड सहज झालेली नाहीं. जेथें पुढें सोडविण्याची गरज पडेल तेथें सुटणारा पदार्थ; जेथें सुटल्याचा पुरावा राहावा तेथें फुटणारा. पदार्थाच्या स्वभावावर दप्तराची शिस्त उभी होती.

५

आतां पट्टीचीं नांवें पाहूं. येथें एक मौजेची गोष्ट आढळते. आज ज्या वस्तु मूलतःच चिकट समजल्या जातात, त्यांचीं नांवें मूळचीं चिकट नाहींत.

'पट्टी' ही संस्कृत पट्टिकेची मुलगी. कापडाची अगर फळीची चिंधोटी. 'फीत' हा शब्द पोर्तुगीज 'फिता' ह्यावरून आपल्याकडे आला, त्याचाही अर्थ कापडाची नाडी. 'टेप' हा इंग्रजींतील जुना शब्द; तोही कापडाच्या अरुंद पट्टीचाच वाचक. विलायतेंत सरकारी कागद तांबड्या टेपेनें बांधीत, आणि त्यावरून कारभारांतील दिरंगाईस जें नांव पडलें त्याचें आपण 'लालफीत' असें भाषांतर केलें. इंग्रजी कल्पनेस पोर्तुगीज शब्द जोडून मराठी समास तयार झाला, तोही बांधण्याच्याच फितीवर.

'लेबल' ह्याचा इतिहास तर दप्तराच्या अभ्यासकांस जवळचा वाटेल. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजींत आलेला हा शब्द प्रथम कापडाच्या झालरीस, मग दस्तऐवजास लोंबणारी मुद्रा ज्या अरुंद पट्टीस लाविलेली असे त्या पट्टीस वापरीत. वस्तूवर नांव लिहून डकविलेली चिठ्ठी हा अर्थ नंतरचा. म्हणजे आपल्या जोडावरच्या शिक्क्याचा आणि त्यांच्या लेबलाचा व्यवसाय एके काळीं एकच होता : कागद खरा आहे ह्याची साक्ष देणें.

चिकटण्याचा अर्थ मुळांतच असलेला शब्द ह्या मंडळींत एक, आणि तो म्हणजे आपलें 'तिकीट'. इंग्रजी 'टिकेट' फ्रेंचमधून आलें, आणि तेथें त्याच्या मुळाशीं खोंचणें, चिकटविणें ह्या अर्थाचें क्रियापद आहे. फ्रेंचांत आजही 'एतिकेत' म्हणजे वस्तूवरची चिठ्ठी. मराठी माणूस पाकिटावर 'तिकीट लावतो' तेव्हां, न जाणतां, त्या शब्दाचा अगदीं मूळचा अर्थ पाळीत असतो.

६

चिकट पदार्थ आधींच पाठीवर लावून ठेविलेली पट्टी सरकारी व्यवहारांत सर्वत्र पसरली ती टपालाच्या तिकिटानें. रोलंड हिल ह्यांनीं १८३७ सालीं टपालसुधारणेची जी योजना मांडली तींत, पाठीवर चिकट द्रवाचा हात फिरविलेला लहानसा कागदाचा तुकडा, असें त्या वस्तूचें वर्णन केलें होतें. त्या वेळीं तिला नांवही नव्हतें. ६ मे १८४० पासून ही तिकिटें चालूं झालीं. त्यांच्या ताव्याच्या समासांत, पाठ ओली करतांना 'सिमेंट' निघून जाणार नाहीं अशी काळजी घ्यावी, अशा अर्थाची सूचना छापिलेली असे. आज गंवड्याच्या हातीं असणारा हा शब्द त्या काळीं तिकिटाच्या पाठीवरच्या लेपाचा वाचक होता. आणि तो लेप मुख्यत्वें पिष्टापासून, म्हणजे आपल्या खळीच्याच जातीचा, होता.

आपल्या बाजूस ह्याचें पहिलें उदाहरण सिंधमध्यें घडलें. सिंध तेव्हां मुंबई इलाख्यांत होता, आणि तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर हे पुढें १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर झाले. १८५२ च्या जुलैंत तेथें अर्ध्या आण्याचीं तिकिटें निघालीं. त्यांतील लाल तिकीट हें कागदाचें नसून शेंदरी लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर उठविलेलें होतें. तें हाताळतांना फुटे; म्हणून लवकरच त्याच्या जागीं कागदी तिकिटें आलीं. दप्तरी परिभाषेंत सांगावयाचें तर, जेथें खळीचें काम होतें तेथें लाख वापरिली गेली. पत्राच्या तोंडास लाखेचा ठिसूळपणा गुण ठरतो. तिकिटास तोच दोष ठरला. १८५४ सालीं सर्व हिंदुस्थानाकरितां कागदी तिकिटें सुरू झालीं.

येथपर्यंत, तिकीट असो वा बाटलीवरची चिठ्ठी असो, ओल लावल्यावांचून ती धरीत नसे आणि ओल लावली कीं ती सुटे. वस्तु नवी, पण स्वभाव जुना. ह्याच कारणानें तिकिटांचे संग्राहक पाकिटावरचीं तिकिटें पाण्यांत घालून निर्धास्तपणें सोडवूं शकत.

७

खरा पालट झाला तो ओल व ऊब ह्या दोहोंवांचून, केवळ बोटाच्या दाबानें धरणाऱ्या लेपामुळें. ह्याची सुरुवात वैद्यकांत झाली. अमेरिकेंत होरेस डे नांवाच्या वैद्यानें १८४५ सालीं रबराच्या लेपाच्या मलमपट्टीचें पेटंट घेतलें. पुढें मिनेसोटा येथील कारखान्यांत रिचर्ड ड्रू ह्यांनीं १९२५ सालीं मोटारींच्या रंगकामाकरितां सुरकुतीच्या कागदाची पट्टी तयार केली. आणि १९३० सालीं पारदर्शक सेल्युलोजची पट्टी काढिली. तिचा लेप रबर व राळ ह्यांचा. १९३५ सालीं लॉस एंजेलिस येथें स्टँटन एव्हरी ह्यांनीं पाठीवरचा कागद सोलून लावावयाचें लेबल आणिलें. १९३७ सालीं इंग्लंडांत सेलोटेप निघाली, आणि तें व्यापारी नांव आपल्याकडे सामान्यनाम होऊन बसलें.

ह्या धंद्यांतील मंडळींची परिभाषा सूक्ष्म आहे. पट्टीचे ते दोन भाग करितात : वाहक, म्हणजे कागद, कापड किंवा पारदर्शक पदर, आणि त्यावरचा लेप. लेप दुसऱ्या वस्तूस धरतो तें आसंजन. लेपाचे कण एकमेकांस धरून राहतात तें संसंजन. हे दोन्ही शब्द मराठी शास्त्रीय परिभाषेंत रूढ आहेत, आणि दोन्ही वर सांगितलेल्या 'सञ्ज्' धातूपासून आले आहेत. लागतांक्षणींच पकडण्याचा गुण निराळा, ओढून सोलतांना टिकण्याचा गुण निराळा, आणि भार पडला असतां न घसरण्याचा गुण निराळा. तिन्हींचें मोजमाप ते स्वतंत्र करितात. आसंजन संसंजनाहून बलवत्तर असेल तर सोलतांना लेप मधोमध फाटतो व अर्धा वस्तूवरच राहतो. जुनें लेबल काढल्यावर जो चिकट थर मागें उरतो, त्याचें एक कारण हें.

कारखानदारांनीं हा भेद जपला. वापरणारांनीं तो घेतला नाहीं. बाजारांत एकच शब्द आला : चिकटपट्टी. विशेषण नामाच्या जागीं बसलें.

ही उणीव भरून काढण्यास आम्ही तीन साधे शब्द सुचवितों. जी पट्टी पाण्यानें धरते व पाण्यानें सुटते ती 'ओलचिकट'. जी उष्णतेनें धरते ती 'तापचिकट'. आणि जी नुसत्या दाबानें धरते ती 'दाबचिकट'. खळ व डिंक पहिल्या वर्गांत, लाख, राळ व मेण दुसऱ्यांत, सेलोटेप व सोलावयाचीं लेबलें तिसऱ्यांत. सरस पहिल्या दोहोंच्या सीमेवर बसतो, कारण त्यास पाणी व ऊब दोन्हीं लागतात. हे शब्द कोणासही उच्चारतां येतील, आणि त्यांत उपायाचीही सूचना आहे.

८

दाबचिकट पट्टीचें जुन्या कागदावर काय होतें, हें आतां सांगितलें पाहिजे. रबर व राळ ह्यांचा लेप हवेनें बदलत जातो. प्रथम तो अधिक मऊ व बुळबुळीत होतो आणि कागदाच्या तंतूंत शिरतो. त्या जागीं कागद तेलकट व अर्धपारदर्शक दिसूं लागतो. मग रंग पिंवळा, पुढें तांबूस. कालांतरानें वरचा पारदर्शक पदर वाळून आपोआप गळतो, आणि लेप मात्र कागदांत राहून कडक व ठिसूळ होतो. ह्या अवस्थेंत पाणी निरुपयोगी, ऊबही बहुतेक निरुपयोगी. तज्ज्ञ लोक निरनिराळीं द्रावकें वापरून पाहतात. परंतु लेप जितका जुना तितका तो कमी विरघळतो, आणि द्रावकामुळें शाई वा रंग फुटण्याचें भय राहतेंच. १९६१ नंतर आलेल्या नव्या पट्ट्यांचे लेप इतके पिंवळे पडत नाहींत हें खरें. तरी तेही कागदांत शिरतातच, व सोलतांना अक्षरांचा थर उचलून नेतात.

ह्यास पुरावा हवा असेल तर तिकिटांकडेच पाहावें. दाबचिकट तिकिटें प्रथम १९६४ सालीं सिएरा लिओननें काढिलीं. अमेरिकेनें १९७४ च्या नाताळांत तसें एक तिकीट काढिलें. त्याच्या लेपानें कागद व्यापून रंग बिघडला, आणि आज निर्दोष प्रत मिळणें दुर्मिळ झालें आहे. जें नव्या, कारखान्यांतल्या कागदाचें झालें तें दोनअडीचशें वर्षांच्या जुन्नरी कागदाचें होणार नाहीं, असें मानण्यास आधार नाहीं.

परंतु कागद नासतो एवढीच हानि नाहीं, साक्ष नासते. महजराचे बंद सुटूं लागले कीं मालक प्रेमानें जोडावरच आडवी पट्टी लावितो, आणि तीही पाठीमागून, मजकूर झांकूं नये म्हणून. नेमका तेथेंच जोडावरचा शिक्का असतो. पट्टीखालीं तो पिंवळा पडतो. पट्टी काढूं गेलें तर शाईसह निघतो. त्याबरोबर, हा बंद मूळचा कीं मागाहून घातलेला, हें ठरविण्याचें साधन जातें. गोताच्या खुणा, पाटलाच्या निशाणीचा नांगर, हे सर्व जागच्या जागीं असून कागदाचें प्रामाण्य लंगडें होतें. पोथ्यांतही लेखकानें चुकीवर डकविलेली दुरुस्तीची चिठ्ठी खळीची असते. ती जाणत्या हातानें ओलवून उचलली तर खालचा पाठ वाचतां येतो. त्याच चिठ्ठीवर दाबचिकट पट्टी मारली कीं दोन्ही पाठ एकमेकांत कायमचे अडकतात. पाठभेदाचा एवढा नाश कसरही करीत नाहीं.

मालकांचा ह्यांत हेतु वाईट नसतो. घरांत कागद टिकावा म्हणूनच त्यांनीं पट्टी आणिली. 'चिकटवा' एवढेंच त्यांना सांगितलें गेलें. कशानें, हें सांगावयास शब्द उरला नव्हता.

९

म्हणून संग्राहकांस आमची सूचना आहे कीं, यादींतील 'दुरुस्ती' ह्या रकान्याखालीं चार गोष्टी नेहमीं लिहाव्या. एक, पट्टी कशाची : हातकागद, गिरणीचा कागद, कापड कीं पारदर्शक पदर. दोन, लेप कशाचा : खळ, डिंक, सरस, लाख, आणि निश्चित होत नसेल तर निदान ओलचिकट, तापचिकट कीं दाबचिकट. तीन, पट्टी कोठें लाविली, आणि तिच्याखालीं शिक्का, अक्षर वा निशाणी आहे काय. चार, ती कोणत्या सालीं लाविली, हें ठाऊक असल्यास.

दुसरी गोष्ट ओळखण्यास अवघड नाहीं. वाळलेली खळ पांढुरकी व निस्तेज दिसते, डिंक कांचेसारखा चकाकतो व तडकतो, सरस तपकिरी असतो. पट्टीच्या कडेस खळीचा सुटा कण सांपडला तर तो कागदापासून दूर, कांचेवर ठेवून आयोडिनाच्या पातळ द्रवाचा थेंब टाकावा. पिष्ट असेल तर तो निळा होतो. ही परीक्षा कागदावर मात्र कधींही करूं नये, कारण हातकागदाच्या अंगांतही खळ असल्यानें तो स्वतःच निळा होईल आणि डाग राहील. दाबचिकट पट्टी दिसली तर ती घरीं सोलूं नये. नोंद करून जाणत्याकडे न्यावी.

नवीन फाटलें असेल तर जपानी पातळ कागद आणि ताजी गव्हाची खळ ह्यांहून सुरक्षित साधन अद्याप सांपडलेलें नाहीं. मोठमोठ्या दप्तरखान्यांतही तेंच वापरितात. कागदावर नांवाची चिठ्ठी डकवूंच नये. रुमालावर अगर वेष्टनावर ती बांधावी. लेबल शब्दाचा जुना अर्थही बांधलेली पट्टी असाच आहे.

असो. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राजव्यवहारकोशांत लेखनवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. दप्तराच्या शब्दांची व्यवस्था लावणें हें राज्यकर्त्यासही आपलें काम वाटलें. आपणांकडे राज्य नाहीं, पण त्या राज्याचे कागद आहेत. त्यांवर पट्टी लावण्यापूर्वी तिच्या पाठीवरच्या पदार्थाचें नांव विचारावें. नांव कळत नसेल तर ती लावूं नये. आपापल्या संग्रहांतील जोड, डकविलेल्या चिठ्ठ्या व लाखोटे ह्यांच्या नोंदी वरील चार कलमांनुसार विद्वान् संग्राहकांनीं तयार कराव्या, आणि गांवोगांवीं ह्या पदार्थांना व पट्ट्यांना आणखी कोणतीं नांवें चालत होतीं तींही प्रसिद्ध करावीं, अशी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करितों.